पत्रपेटीवर नाव कोणतं लावू? (फ्रान्स, छोटं शहर, मोठा गोंधळ)

चाफेकळी
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं (मी, नवरा आणि साडेचार वर्षांची लेक) सात आठवड्यांपूर्वी क्लेर्माँ-फेराँला आलोय. नवरा इथल्या टायरवाल्या कंपनीत, पुण्याहून तीन वर्षांसाठी. माझ्याकडे सध्या घर, शाळा आणि कागद. त्यातही कागद जास्त.

तर प्रश्न असा. आमच्या बिल्डिंगमध्ये अठरा घरं आहेत आणि एकाही दारावर नंबर नाही. पत्त्यात फक्त रस्ता आणि बिल्डिंगचा नंबर. खाली जिन्याजवळ लोखंडी पत्रपेट्यांची रांग आहे, प्रत्येकीवर नाव, पोस्टमन नाव वाचतो आणि पत्र टाकतो, बस. मला हे माहीतच नव्हतं. आमच्या पेटीवर मागच्या भाडेकरूचं नाव होतं, त्याखाली मी कागदावर नवऱ्याचं आडनाव लिहून सेलोटेपने चिकटवलं आणि विसरून गेले. ताईने पार्सल पाठवलं होतं (मेतकूट, गोडा मसाला, लेकीचे दोन फ्रॉक), तिने सवयीने माझं माहेरचं नाव टाकलं. झालं! 'या पत्त्यावर ही व्यक्ती माहीत नाही' म्हणून पार्सल उलट्या पावली परत. रोज ट्रॅकिंग उघडून बघतेय, माझं मेतकूट मला न भेटता घरी चाललंय.

आता पासपोर्टवर माझं सासरचं आडनाव आहे, नावाच्या रकान्यात माझं आणि नवऱ्याचं नाव एकत्र चिकटलेलं. जन्मदाखल्यावर माहेरचं. आणि इथल्या प्रत्येक फॉर्मवर आधी 'नों द नेसाँस', म्हणजे जन्माचं नाव विचारतात. मग पेटीवर काय लावू? नवऱ्याचं म्हणणं एकच आडनाव पुरे. कोणाचं ते सांगायला नको.

बाकी छोट्या फ्रेंच गावा-शहरांत राहणाऱ्यांनी आपापले रोजचे अनुभवही लिहा, वाचून तेवढाच धीर येईल.

बंड्या_बगेत
मेतकुटाला भावपूर्ण श्रद्धांजली.

ताई_तिखट
दोन्ही नावं लाव. आजच. जेवण नंतर कर.

मी ग्रनोबलला १५ वर्षं आहे, यात पोळून निघालेय म्हणून सविस्तर लिहिते. फ्रान्समध्ये लग्नाने बाईचं नाव बदलतच नाही. राज्यक्रांतीच्या काळातला, १७९४ चा कायदा आहे की जन्मदाखल्यावरचं नाव सोडून दुसरं नाव कोणी लावायचं नाही, आणि तो अजून चालू आहे. नवऱ्याचं आडनाव वापरायची मुभा असते, त्याला 'नों द्यूझाज' म्हणतात, पण सरकारदरबारी तू मरेपर्यंत माहेरचीच. म्हणजे आरोग्य विमा, टॅक्स, उद्या नोकरी लागली तर पगारपत्रक, कुठलं पत्र कुठल्या नावाने येईल सांगता येत नाही. रजिस्टर्ड पत्र असेल तर आणखी कठीण, पेटीवर नाव दिसलं नाही तर ते परत. आणि हा देश रजिस्टर्ड पत्रावर चालतो. घर सोडायचंय? रजिस्टर्ड पत्र. एखादी मेंबरशिप बंद करायचीय? रजिस्टर्ड पत्र. घटस्फोटही तसाच घेत असतील.

दुसरं, याहून महत्त्वाचं. विजेचं बिल दोघांच्या नावावर करून घे. इथे कुठेही जा, तीन महिन्यांच्या आतला पत्त्याचा पुरावा मागतात आणि विजेचं बिल म्हणजे इथलं रेशनकार्ड. बिल फक्त नवऱ्याच्या नावावर असेल तर तू कुठेच राहत नाहीस. मी पहिलं दीड वर्ष कुठेच राहत नव्हते.

पॅरिसवासी
आमच्या बिल्डिंगमध्ये गार्दियाँ (बिल्डिंगची राखणदार) आहे, सगळ्यांची नावं तोंडपाठ, पार्सल तीच घेऊन ठेवते. बाकी हौसेने त्या गावात का राहता तेच कळत नाही, रविवारी दूधसुद्धा मिळत नसेल. पॅरिसहून थेट टीजीव्ही, म्हणजे वेगवान गाडीही नाही तिकडे, साडेतीन तास साध्या गाडीत.

खवट_खोबरं
आले पॅरिसवाले. अहो तुमच्या अठरा चौरस मीटरच्या खोलीचं भाडं आमच्या पो शहरातल्या तीन खोल्यांना पुरतं, वर गच्चीतून पिरेनीजचा बर्फ दिसतो.

चाफेकळी
@ताई_तिखट, खूप खूप धन्यवाद! विजेचं बिल फक्त त्याच्या नावावर आहे. म्हणजे मी कुठेच राहत नाही :(

सह्याद्रीचा_दगड
क्लेर्माँचं नाव वाचून राहवलं नाही. मी तिथे सहा वर्षं काढली, आता नाशकात परत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ताईंनी दिलंच आहे, मी नुसता गाव आठवतो.

पहिल्या दिवशी कॅथेड्रलसमोर उभा राहिलो आणि हसूच आलं. सगळं युरोप पांढऱ्या-पिवळ्या दगडाचं आणि हे काळंकुट्ट! वोल्विकच्या खाणीतला लाव्हाचा दगड. आपण काळ्या पाषाणात वाढलेली माणसं, लेणी, देवळं, वाड्यांची जोती सगळी काळी, त्यामुळे बाकीचे पर्यटक 'किती उदास' म्हणायचे तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटायचं. पाऊस पडून गेला की तो दगड जो चमकतो ना, अगदी काळारामासमोर उभं राहिल्यासारखं. (दगड तोच नाही हे मला माहीत आहे, भूगर्भवाल्यांनी अंगावर येऊ नये. आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा, तिथले शेवटचे ज्वालामुखी काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत जागे होते.)

प्वी द दोमवर जाऊन या, १४६५ मीटर, कळसूबाईपेक्षा जरा कमीच. दातेरी रुळांची गाडीही आहे, पण चालत जा. वरून एका ओळीत मांडलेले ज्वालामुखी दिसतात, कोणीतरी वाळूत वाट्या पालथ्या घातल्यासारखे. २०१८ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहेत. आणि ट्राम नीट बघा, टायरवर चालते! मधे एकच रूळ, तो दिशा दाखवायला. टायरवाल्यांच्या गावात दुसरं काय होणार.

बंड्या_बगेत
दुपारी १२ ते २ दुकानं बंद, यावर पुणे आणि १ ते ४ हा विनोद जो कोणी करेल त्याने धाग्यावर सगळ्यांना क्रोआसाँ द्यायचे.

आळशी_अजगर
पुणे १ ते ४. घ्या क्रोआसाँ.

खवट_खोबरं
अनुभव मागितलेत म्हणून लिहितो, गोड नाही. आठ वर्षं झाली. पहिलं वर्षभर मला वाटायचं हे लोक रंग बघून वागतात. दुकानात गेलो, 'अमुक आहे का' विचारलं, की समोरची बाई थंडपणे 'बोंजूर' म्हणायची आणि गप्प. उत्तरच नाही. मी पुन्हा विचारायचो, ती पुन्हा बोंजूर. मला वाटायचं टोमणा मारतेय. ऑफिसातल्या एकाने समजावलं की बोंजूर न म्हणता बोलायला लागणं म्हणजे कोणाच्या घरात बेल न वाजवता घुसणं. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला बोंजूर, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरताना अनोळखी सहा माणसांना मिळून एक बोंजूर. आता म्हणतो. ऐंशी टक्के थंडी त्याने गेली.

उरलेली वीस टक्के गेली नाही, आणि ती रंगाचीच आहे. घर शोधताना फोनवर 'रिकामं आहे' आणि प्रत्यक्ष गेल्यावर 'आत्ताच गेलं', हे माझ्याशी तीनदा झालंय. तेव्हा 'आपणच रीत शिकायला कमी पडतो' हे जे लोक सांगतात त्यांचं अर्धंच ऐका.

ताई_तिखट
@खवट_खोबरं +१. दोन्ही अर्ध्यांना.

निवांत_नाना
मी या धाग्यात बसतो की नाही माहीत नाही, कारण मी तिथला रहिवासी नव्हे. मुलगा आँजे या गावी असतो, मी आणि सौ. मागल्या वर्षी ८५ दिवस राहून आलो. त्यासाठी मुलाला आधी तिथल्या नगरपालिकेतून, ज्याला ते 'मेरी' म्हणतात, आईवडिलांना घरी ठेवून घेतो असा दाखला काढावा लागला, त्याला ३० युरोचं तिकीट. आईबापाला घरात घ्यायला सरकारची परवानगी, याची आमच्या सौ. नी पुष्कळ दिवस थट्टा केली.

मी एसटीत ३१ वर्षं काढली, पहाटे साडेचारला जाग येते. तिथे करायचं काय? म्हणून पाव आणण्याचं काम मी अंगावर घेतलं. मुलाने वाक्य पाठ करून दिलं, 'ऊन त्रादिसियाँ, पा त्रो क्वित, सिल वू प्ले', म्हणजे पारंपरिक पाव, फार भाजलेला नको. रांगेत मागून येणारा प्रत्येक जण सगळ्या रांगेला मिळून बोंजूर म्हणायचा, मीही म्हणू लागलो. तिसऱ्या आठवड्यापासून मला वाक्य म्हणायची गरज उरली नाही, मी दिसलो की बाई फळीवरचा एक फिकट पाव उचलून कागदात गुंडाळायच्या. मंगळवारी दुकान बंद, तर सोमवारी त्या मला दोन बोटं दाखवून भुवया उंच करायच्या, दोन देऊ का? मी मान डोलवायचो. एवढंच आमचं संभाषण, अडीच महिने. निघायच्या आदल्या दिवशी मी हाताने विमानाची खूण केली तर त्यांनी काउंटरबाहेर येऊन शेकहँड केला आणि पावाचे पैसे घेतले नाहीत. मला पलीकडे आल्यावर जरा भरून आलं, खोटं कशाला बोलू.

रानमोगरा
नाना _/\_

@चाफेकळी, तुझं तर फक्त आडनाव बदललंय. माझं आख्खं नाव बदललं. २००४ साली लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, मलाही तेव्हा मजा वाटली. इथे आल्यावर एका कार्यालयातनं कागद परत आला, कारण जन्मदाखल्यावर एक बाई, पासपोर्टवर दुसरी. नाव वेगळं, आडनाव वेगळं, मधलं नाव वेगळं, सारखी फक्त जन्मतारीख. काउंटरवरच्या बाईला मी मोडक्या फ्रेंचमध्ये तांदूळ आणि अंगठी समजावून सांगत होते, ती ऐकत होती अगदी लक्ष देऊन, आणि शेवटी म्हणाली, 'हो, पण दाखला?' शेवटी राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि विवाहाचा दाखला, दोन्ही भारतातनं मागवून, भाषांतर करून दिलं. नऊ महिने गेले. मूल होतं तेवढ्यात.

जे यायचे आहेत त्यांच्यासाठी: जन्मदाखला निघण्याआधी तपासा. जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं 'स्त्री' आणि आईबापाचं नाव. आधी नाव घालून घ्या, मराठी-इंग्रजी दोन्ही असलेला दाखला काढा, मग राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, आणि फ्रेंच भाषांतर मात्र कोर्टाने नेमलेल्या भाषांतरकाराकडूनच. हे सगळं तिथून करताना एक आठवडा, इथून करताना एक जन्म.

आळशी_अजगर
वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

चाफेकळी
रानमोगरा, वाचताना हसू की रडू कळेना. दाखल्यावर माझं नाव आहे, एवढं एक बरं.

बुधवारची गंमत सांगते. दुपारी बरोबर बाराला भोंगा. साधा नाही, सिनेमात युद्धात वाजतो तसा. मी लेकीला काखोटीला मारून जिना उतरले, एका हातात पासपोर्टांची पिशवी. खाली पेट्यांपाशी पहिल्या मजल्यावरच्या आजी शांतपणे स्वतःची पत्रं काढत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि बोट वर करून म्हणाल्या, 'प्रम्ये मेर्क्रदी'. महिन्याचा पहिला बुधवार. भोंग्याची चाचणी असते म्हणे!

बंड्या_बगेत
आम्हीही पहिल्या महिन्यात टेबलाखाली गेलो होतो, कोणी सांगत नाही.

कोथिंबीर_शोधक
अवांतर, पण खाण्यावर कोणीच काही लिहीत नाही म्हणजे काय? चाफेकळी, तू सोन्याच्या खाणीवर बसलीयेस. शेजारच्या जिल्ह्यात ल प्वी गाव, तिथली हिरवी मसूर जगप्रसिद्ध. बारीक, गर्द हिरवी, शिजून गाळ होत नाही. थेट अख्खा मसूर कर, हायवेवरच्या ढाब्याच्या तोंडात मारेल.

आणि फ्रोमाज ब्लाँ, म्हणजे दह्यासारखं मऊ ताजं चीज. किलोचा डबा घे, आठ टक्के फॅटवालाच घे, शून्य टक्केवाल्याच्या नादी लागू नको. फडक्यात बांधून नळाला टांग, चार-पाच तासांत चक्का तयार, आंबटपणा अगदी बेताचा. साखर, वेलची, केशर. कोणालाही सांगू नको पण घरच्या दह्यापेक्षा चांगलं होतं.

पॅरिसवासी
आम्हाला गार दु नोर स्टेशनच्या मागे तमिळ दुकानात कढीपत्ता ताजा मिळतो, असो.

खवट_खोबरं
मिळतो ना, मग खा.

शुद्ध_शाकाहारी_शैला
क्लेर्माँ म्हणजे चीजचं माहेर ना? सँ-नेक्तेर, कांताल, फूर्म द'आंबेर, सगळं तिथलंच. आम्ही पूर्ण शाकाहारी, तिकडे पोट भरायची काळजी नसावी.

ताई_तिखट
शैलाताई, वाईट बातमी द्यायची पाळी माझ्यावर. पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये दूध विरजायला जे 'प्रेझ्यूर' घालतात ते वासराच्या पोटातलं असतं. पाकिटावर नुसतं प्रेझ्यूर लिहिलं असेल तर प्राण्याचंच समजा. वनस्पतीचं किंवा प्रयोगशाळेतलं हवं असेल तर तसं लिहिलेलं शोधावं लागतं.

शुद्ध_शाकाहारी_शैला
मी गेली चार वर्षं खातेय.

आळशी_अजगर
कळलं तेव्हापासून मोजा ताई.

निवांत_नाना
शैलाताई, मी खाल्लं, सौ. ना सांगितलं नाही. आता हा धागा त्यांना दाखवता येणार नाही.

मधली_सुट्टी
शाळेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. चाफेकळी, इथे शाळा तिसऱ्या वर्षापासून सक्तीची आहे, २०१९ पासून, त्यामुळे मुलीच्या प्रवेशाची चिंता नको. जेवणाच्या कांतीनमध्ये आठवड्यातून एकदा बिनमांसाचं जेवण कायद्यानेच द्यावं लागतं, बाकीच्या दिवसांचं मेरीत विचार, गावागणिक वेगळं. साडेचारला गेटवर मात्र रिकाम्या हाताने जाऊ नको. मी पहिल्या दिवशी गेले, तर सगळ्या आयांच्या हातात पावाचा तुकडा आणि त्यात खोचलेली चॉकलेटची कांडी. पोरं बाहेर पडली की आधी पाव, मग आई. माझा पोरगा मला बघून जो काही रडला!

आणि मैत्री तिथेच गेटवर होते, इतर कुठे नाही. मला वर्ष लागलं. आधी बोंजूर, मग हवा, मग पोरांच्या उवा. उवांवर बोलायला लागलात की समजा आत घेतलं.

आकडेमोड
फोन नंबर. कोणीतरी याबद्दल बोला. हे लोक नंबर दोन-दोन आकडी सांगतात. 'सोआसाँत...' ऐकून मी ६० लिहितो, तोवर पुढे 'दिझ्-सेत' येतं, म्हणजे ६० आणि १७, म्हणजे ७७, खोडा. मग 'कात्र-वँ...' ८० लिहिलं, 'दिझ्-नफ', म्हणजे ९९, पुन्हा खोडा. चार वीस आणि एकोणीस म्हणजे नव्याण्णव, हा काय हिशेब आहे!

सह्याद्रीचा_दगड
आमच्या आजी अंडी आणि आंबे विसानेच मोजायच्या, 'चार विसा नि वर तीन'. त्यांना फ्रेंच सहज आलं असतं.

ताई_तिखट
नंबर समोरच्याला लिहूनच द्यायला सांगा, लाज कसली. चाफेकळी, एक राहिलं, डॉक्टर. 'मेद्सँ त्रेताँ' म्हणजे ठरलेला फॅमिली डॉक्टर लवकर नोंदव. भेटीची फी ३० युरो. नोंदवलेला असेल तर सरकारी विम्यातून १९ परत येतात, नसेल तर ७. शोधणं सोपं नाही, दहापैकी आठ जण म्हणतील नवीन पेशंट घेत नाही. शाळेच्या गेटवर विचार. उवांच्या आधी विचारलंस तरी चालेल.

आणि विम्याचा नंबर आला की निरखून बघ, मजा आहे. पहिला आकडा २ म्हणजे बाई, मग जन्मसाल, महिना, मग ९९ म्हणजे परदेशात जन्म, मग २२३ म्हणजे भारत. इथल्या आपल्या सगळ्यांच्या नंबरात ते ९९ २२३ आहे.

बंड्या_बगेत
टी-शर्ट छापायचे का?

चाफेकळी
अपडेट. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, थांबून एकेकाला उत्तर देते, आधी पाटीचं.

बिल्डिंगच्या व्यवस्थापनाचं म्हणणं सेलोटेप चालणार नाही, सगळ्या पाट्या एकसारख्या हव्यात, दहा बाय अडीच सेंटिमीटर, काळ्यावर पांढरी अक्षरं. कुठे करून मिळतात? चांभाराकडे! बूट, किल्ल्या आणि पाट्या एकाच दुकानात. काका साठीचे, कानावर पेन्सिल. मी कागदावर दोन्ही आडनावं लिहून दिली, त्यांनी अक्षरं मोजली, डोकं हलवलं, म्हणाले मावत नाही, एक काढा. कुठलं काढू विचारलं नाही, थांबले नुसते. नवरा शेजारी उभा. मी म्हटलं दोन ओळी करा. ते म्हणाले अक्षर बारीक होईल. मी म्हटलं होऊ दे, पोस्टमनला चष्मा आहे, मी बघितलाय. (एवढं लांब फ्रेंच वाक्य मी पहिल्यांदाच बोलले असेन, चुकलं असणारच, पण ते हसले.) तर आता वर माझं, खाली त्याचं. वर का, तर काकांनी कागदावरच्याच क्रमाने कोरलं आणि कागद मी लिहिला होता.

विजेचं बिलही दोघांच्या नावावर झालं, फोनवर दहा मिनिटांत, इतकं सोपं असेल तर आधी कोणी का नाही सांगितलं! मेतकूट पुण्याला पोचलं, ताईने नवीन पत्त्याने पुन्हा टाकलंय.

आज पाटी लागल्यावर पहिलं पत्र आलं. धावत जाऊन काढलं. मागच्या भाडेकरूचं होतं.

निवांत_नाना
मग काय केलंत त्याचं?

चाफेकळी
नाना, आजींनी शिकवलं. पत्त्यावर तिरकी रेघ मारायची आणि लिहायचं, 'नाबित पा आ सेत आद्रेस', या पत्त्यावर राहत नाही. स्पेलिंग त्यांनीच सांगितलं. मग कोपऱ्यावरच्या पिवळ्या डब्यात टाकून आले.